मोबाईल नसताना करायचो काय: भाच्याला पत्र

उट्रेख्त, नेदरलँड्स
१४ डिसेंबर

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

मोबाईल नव्हता, नेट नव्हतं, तर नव्वदच्या दशकात सोलापूरची चौदा-पंधरा वर्षांची पोरं दिवसभर करायची काय, असं तू विचारलंस. एका शब्दात सांगायचं तर लपायची. गावाला महानगरपालिका १९६४ पासून आहे, पण गाव ते गावच. नवी पेठेत ज्यानं तुला बघितलं त्याचा साडू तुझ्या बाबांच्या ओळखीचा आणि साडवाची बायको आजीच्या भिशीत. ‘कुणाचा रे तू?’ हे विचारायचा हक्क पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना होता. खरं सांगितलं तर दिवेलागणीच्या आत बातमी घरी. खोटं सांगितलं तर भलत्याच कुणाच्या तरी पोराची कणीक तिंबली जायची. अशा गावात वयात यायचं म्हणजे कारागिरीच होती. हत्यारं लागायची, हात बसलेला लागायचा आणि एखादी पायरी चुकली की काम नासायचं. तुझ्या बाबांना हे सगळं येतं. विचारलंस तर नाही म्हणतील.

पहिलं हत्यार सायकल. ती सहसा वडिलांची असायची: काळी, बावीस नाहीतर चोवीस इंची, सीट छातीला लागणारी. त्यामुळे दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालून चालवायची. डावा हात हँडलला, उजव्या बगलेत दांडी. पायडलची पूर्ण फेरी होत नाही, अर्धं खाली दाबायचं आणि तेवढंच वर आणायचं. हे हाफ पायडल. यात सायकल उजवीकडे कलते आणि आपण डावीकडे लोंबतो, म्हणून तोल राहतो. सरळ उभं राहायचा प्रयत्न करणारे पडतात. मुलींच्या सायकलला दांडी खाली वळवलेली आणि मागच्या चाकावर जाळी, ओढणी अडकू नये म्हणून. जाळी तुटलेली असेल तर ओढणी कमरेला गाठ मारूनच बसायचं.

चेन पडणं हे रोजचं. सायकल स्टँडवर लावायची, चेन आधी मागच्या फ्रीव्हीलच्या दात्यांवर बसवायची, मग पुढच्या चक्राच्या वरच्या चार-पाच दात्यांना अडकवून पायडल हळू पुढे फिरवायचं. ती आपोआप चढते. घाई करणाऱ्याचं बोट मध्ये जातं. वारंवार पडत असेल तर चेन सैल आहे. खालच्या बाजूनं मधोमध बोटानं उचलून बघायचं; अर्ध्या इंचापेक्षा फार हलत असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करायचे, चाक मागे ओढायचं, ते चिमट्याच्या दोन्ही बाजूंपासून सारखं दूर आहे ना हे बघायचं आणि मग आवळायचं. एक बाजू जास्त ओढली गेली की चाक चिमट्याला घासतं. चेन फार ताणली तर पायडल जड होतं. आणि ग्रीस. चेन उजव्या अंगाला असते, त्यामुळे उजव्या पायावरचा काळा डाग हा घरी सगळ्यात आधी दिसणारा पुरावा. लायब्ररीत गेलेल्या मुलाच्या पँटला ग्रीस लागत नाही. डागावर आधी रॉकेल चोळायचं, मग साबण. उलटं केलं तर डाग पसरतो. शहाणी मुलं आधीच पँटला रबरबँड लावायची.

पंक्चर काढणं शिकून घे, आजही उपयोगी आहे. टायर एका बाजूनं चमच्याच्या दांड्यानं रिमवरून उचलायचा (स्क्रूड्रायव्हरनं उचलला तर दुसरं भोक आपणच पाडतो), ट्यूब बाहेर काढून हवा भरायची आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवायची. बुडबुडे आले तिथे खूण करायची. ट्यूब कोरडी करून पॉलिश पेपरनं घासायची, सोल्युशन पातळ लावायचं आणि थांबायचं. हे थांबणं कुणालाच जमत नाही. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच, आणि वरून ठोकायचं. ओल्यावर लावलेला पॅच सरकतो आणि जुन्या पुणे नाक्यापर्यंतसुद्धा टिकत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायरच्या आतून हात फिरवून बाभळीचा काटा शोधायचा. आपल्याकडे पंक्चर म्हणजे बाभूळच. काटा आत राहिला तर घरी पोचेपर्यंत पुन्हा तेच. मे महिन्यात ट्यूब टम्म फुगवून सायकल उन्हात लावायची नाही, हवा तापून फुगते आणि भर दुपारी बार उडतो. सगळी गल्ली खिडकीत येते, जे आपल्याला मुळीच नको असतं.

इथे उट्रेख्तच्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली लावायची सोय आहे, जगातली सगळ्यात मोठी. पण पंक्चर दुकानात काढायला दिलं तर त्या पैशात सोलापुरात जुनी सायकल येईल. इथल्या बऱ्याच सायकलींना हँडलला ब्रेकच नसतो, पायडल उलटं दाबलं की थांबतात. उतारावर पायडल उलटं फिरवत गाणं म्हणायची आपली सवय इथे एकदाच चालते.

दुसरं हत्यार फोन. घरात एकच, बैठकीत, वर क्रोशाचा रुमाल आणि डायलच्या भोकात छोटं कुलूप. कुलूप असलं तरी फोन लागायचा. डायल फिरवणं म्हणजे काय, तर लाइन तितक्या वेळा क्षणभर तोडणं आणि जोडणं. तेच काम रिसीव्हर ठेवायच्या खुंटीवर टिचक्या मारून होतं: ४ साठी चार टिचक्या, ७ साठी सात, शून्यासाठी दहा. टिचक्या भरभर आणि एका तालात हव्यात. एक आकडा झाला की सेकंदभर थांबायचं आणि पुढचा घ्यायचा. थांबलो नाही तर दोन आकडे एकत्र होऊन भलत्याच घरी घंटी जाते. एखादी टिचकी लांबली तर एक्स्चेंजला वाटतं फोन ठेवला, की पुन्हा पहिल्यापासून. ज्या घराच्या नंबरात नऊ आणि शून्य जास्त, त्या घरातल्या मुलीला ब्लँक कॉल कमी यायचे हे माझं निरीक्षण आहे.

ब्लँक कॉलचंही शास्त्र होतं. दोन रिंग देऊन ठेवला म्हणजे ‘निघालो’, तीन म्हणजे ‘बेत रद्द’. फोन उचललाच नाही तर पैसे पडत नाहीत, म्हणून ही भाषा लोकप्रिय. पण गोची अशी, की आपल्या कानात ऐकू येणारी रिंग आणि पलीकडे वाजणारी घंटी एका वेळी वाजतीलच असं नसतं. इकडे दोन मोजाव्यात तर तिकडे एकच वाजलेली असते किंवा तीन. निम्मी भांडणं यातून. त्यातच पहिल्या घंटीला झडप घालणाऱ्या आज्या. पीसीओच्या काही डब्यांमध्ये पलीकडचं ‘हॅलो’ आधी ऐकू यायचं आणि आपला आवाज मात्र रुपया टाकल्यावरच पोचायचा. वडिलांचा आवाज आला तर रुपया वाचवून सरळ चालू पडायचं. पुढे कॉलर आयडी आला आणि ही अख्खी कला एका रात्रीत बुडाली.

भेटायचं ठरलं की जागा बहुधा चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांची. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ही नावं पाठ असू देत. तिथे उभं असताना कुणी मोठ्यानं हटकलंच, तर चारही नावं धडाधड म्हणून दाखवणाऱ्या मुलाला सहसा रागावत नाहीत. नियम असा, की ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटं थांबायचं, मग ठरलेल्या दुसऱ्या जागी जायचं, तिथेही पंधरा मिनिटं, मग घरी. दुसरी जागा आधी ठरवली नसेल तर एक जण पार्क चौकात, दुसरा टिळक चौकात आणि दोघंही दुसऱ्या दिवशी फुगलेले. तुम्ही आता ‘पोचलास का’ असं दर दोन मिनिटांनी विचारता. तेव्हा एकदा घराबाहेर पडलं की बेत बदलता येत नव्हता, म्हणून लोक वेळेवर यायचे. हे तेवढं बरं होतं.

पिक्चरचं थोडक्यात. तिकिटाला बायकांची खिडकी वेगळी आणि तिथली रांग नेहमी लहान, त्यामुळे हाऊसफुल्लच्या दिवशी बहिणीला, मैत्रिणीला, कधी अनोळखी मावशीलाही मस्का. कमिशन म्हणून इंटरव्हलला एक सामोसा. सायकल स्टँडला लावली की पत्र्याचा बिल्ला मिळतो, तो आतल्या खिशात. हरवला तर सगळ्या सायकली निघेपर्यंत थांबावं लागतं आणि तोवर पुढच्या खेळाची माणसं येतात, त्यात शेजारचे काका असतातच. बसायचं भिंतीकडेच्या खुर्चीत, बाल्कनीत नाही. ओळखीचे सगळे बाल्कनीत असतात. शेवटची मारामारी संपून सगळे हसायला लागले की दिवे लागायच्या आत उठायचं. आणि तिकिटाचा उरलेला अर्धा तुकडा बाहेरच फेकायचा. कपडे भिजवताना खिसे तपासणाऱ्या आईइतका कसून तपास कुठल्याच ठाण्यात होत नाही.

आता गड्डा, म्हणजे आपली सिद्धरामेश्वरांची जत्रा. तू दरवर्षी जातोस, पण कसं जायचं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला अक्षता, संक्रांतीला होम, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम हा क्रम तुला माहीत आहे. अक्षतांच्या मागची कथाही माहीत असेल: कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांना लग्नाची मागणी घातली आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावायला सांगितलं. मुलगा आणि मुलगी बसस्टॉपवर दोन मिनिटं बोलले तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत चर्चा करणारं आपलं गाव. मुलीनं स्वतः मागणी घातलेल्या या लग्नाला मात्र पांढरी बाराबंदी घालून, सात नंदीध्वजांमागे मुंगीला वाट नाही इतकं जमतं. कुणालाच यात काही वावगं दिसत नाही. मला आपलं गाव आवडतं त्याचं हे एक कारण.

पोरांसाठी गड्ड्याचा खरा उपयोग गर्दी. सगळं गावच होम मैदानावर असल्यामुळे ‘तू इथं काय करलालास बे?’ असं कुणी विचारू शकत नाही. पैसे मोजके असायचे, म्हणून पहिली चक्कर एक पैसा न खर्चता. मग मोठा पाळणा. त्यात सगळ्यात आधी बसायचं. पुढचे डबे भरेपर्यंत पाळणा थांबत थांबत फिरतो, त्यामुळे आधी बसलेल्याला त्याच पैशात जास्त वेळ मिळतो आणि त्यातला बराचसा वर. सोलापुरात कुणाच्याही नजरेस न पडता बोलायची ती एकच जागा. भजी मात्र पाळण्यानंतर.

फुगे फोडायच्या बंदुकीची माशी सरळ नसते, असं धरूनच चालायचं. पहिला छर्रा फुग्यावर मारायचाच नाही. फळीवरच्या एखाद्या ठिपक्यावर नेम धरून तो कुठे लागतो ते बघायचं. चार बोटं डावीकडे गेला तर पुढचे सगळे चार बोटं उजवीकडे धरून. अर्धवट फुगवलेले, सुरकुतलेले फुगे सोडून द्यायचे, त्यांचं रबर सैल असतं आणि छर्रा त्यांना ढकलून निघून जातो. रिंगच्या दुकानात तर पैसे घालवूच नकोस. ज्या ठोकळ्यावर साबण किंवा घड्याळ ठेवलेलं असतं तो रिंगपेक्षा जेमतेम लहान असतो आणि रिंग तळापर्यंत सपाट बसली तरच वस्तू आपली. लांबून फेकलेली रिंग तिरपी येते, तिरपी रिंग कोपऱ्यावर अडकते. फार वाकून, अगदी वरून सोडली तर बसते, आणि म्हणूनच दुकानदारानं तिथे दोरी बांधलेली असते.

मौत का कुआँ बघताना काठ थरथरतो म्हणून घाबरायचं नाही, फळ्या लवतात. गाडी वेगामुळे भिंतीला दाबली जाते, वेग उतरला की घसरते. म्हणून गाडीवाला आधी तळाच्या तिरप्या फळीवर फेऱ्या मारून वेग घेतो, मग उभ्या भिंतीवर चढतो. काठावरून नोट पुढे धरणाऱ्यांनी ती दोन बोटांत सैल धरावी. मुठीत धरली तर त्याचाही हात जायचा आणि तुझाही. नाकाला रुमाल बांध. होम मैदानाची धूळ आणि डिझेलचा धूर घशात गेला की आठवडाभर खोकला, आणि खोकल्यावरून घरी कळतं किती वेळ होतास ते.

त्याच सुमारास हुरडा. देगावला, हिरजला नाहीतर कुंभारीला कुणाच्या तरी मित्राचं रान असतंच. पोरांचे हुरडे फसतात ते बहुतेक वेळा दिवस चुकल्यामुळे. रब्बीची ज्वारी साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हुरड्यात येते, पण एका रानाला मिळतात जेमतेम आठ-दहा दिवस. दाणा नखानं दाबायचा. पांढरं दूध उडालं तर कवळा आहे, थांबायचं. नख रुतलं आणि आत मऊ पिठूळ लागलं तर आजच. नख रुतलंच नाही तर निब्बर झाला, आता भाकरीच. हुरड्याला गूळभेंडी किंवा सुरती हवी, दाणा गोड आणि बोंडातून सहज सुटतो. मालदांडी भाकरीला उत्तम, हुरड्याला चोळून चोळून हात सोलतात.

आगटीला फूटभर खोल आणि दोन हात रुंद खड्डा पुरतो. त्यात वाळलेल्या गोवऱ्या पेटवायच्या आणि ज्वाळा पूर्ण विझू द्यायच्या. ज्वाळेवर कणसं धरली की वरून कोळसा आणि आत कच्ची. लाल विस्तवात, वर राख धरली की कणसं खुपसायची, दांडा बाहेर ठेवून, आणि दोन-तीन मिनिटं फिरवत राहायचं. पाच-सहाच्या वर एका वेळी नकोत, काढेपर्यंत मागची करपतात. गरम असतानाच गोणपाटावर चोळायचं, गार झालं की दाणा सुटत नाही. मग पाटीत पाखडून कूस उडवायची. वाऱ्याकडे पाठ करून, नाहीतर डोळ्यांत आणि मानेत जाते आणि घरी जाईपर्यंत खाजवत बसावं लागतं. सोबत शेंगा चटणी, दही, गूळ. वरून ताक, पाणी नको. आणि पाहिजे तेवढा खायचा नाही, हे सांगून उपयोग नाही, पण सांगते. धुराचा वास केसांत बसतो तो पार्क चौकात चकरा मारून जात नाही. त्यापेक्षा ‘हुरड्याला गेलो होतो’ हे खरं सांगून टाकलेलं बरं. सोबत कोण कोण होतं एवढंच गाळायचं.

मिसरुडाबद्दल तू आईला विचारलंस आणि ती हसली असं कळलं. वस्तरा बाबांचा वापरू नकोस, जुन्या पात्यानं केस ओढले जातात आणि कापतं. नवं पातं, कोमट पाणी, भरपूर फेस आणि केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं हात. ओठाच्या वर, नाकाखालच्या पन्हाळीत सगळेच कापून घेतात. तिथे वरचा ओठ आतून दातांवर ताणून धरायचा. कापलंच तर ओली तुरटी. एकदा केल्यावर दाट येतात ही अफवा आहे, कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तसे वाटतात. घाई कशाला?

गच्चीवर झोपायची सोय अजून ठेवली असाल तर मेमध्ये एक कर. सूर्य कलला की लगेच चार-पाच बादल्या पाणी स्लॅबवर मारायचं, रात्री नाही. उशिरा मारलं तर वाफ अंथरुणाखाली राहते. पाण्याचा दिवस नसेल तर कपडे धुतलेलं शेवटचं पाणी चालतं. आजीला आधी विचार, ती ते झाडांना ठेवते.

दादा मार्चमध्ये इकडे येतोय, त्याच्याबरोबर काय पाठवायचं असं वहिनीनं विचारलंय, तिला सांग. पेढे, खवा, तूप यांतलं काही नको. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. शेंगा चटणी चालते. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली हवी. मिक्सरमध्ये केली तर एक तर कोरडी भुकटी होते, नाहीतर भांडं तापून लगदा. अर्धा किलोच्या दोन पिशव्या, प्रत्येक पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि दोन्हींच्या मध्ये वर्तमानपत्र, तेल तिथे मुरतं. मोठ्या बॅगेत ठेवायला सांग, हातातल्या नको. कडक भाकरीही चालतील. टॉवेलच्या घडीत एकेक ठेवल्या तर मोडत नाहीत, आणि टॉवेल मला हवेच आहेत.

आजीला नमस्कार.

तुझी,
आत्या